आवाज चित्रात नसतो

व्हिडिओची फाइल एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेली, चित्र स्वच्छ आलं, पण आवाज नाही. ही तक्रार इतक्या घरांतून आणि कचेऱ्यांतून ऐकू येते की तिच्यावर तोडगेही पुष्कळ सांगितले जातात. दुसरा कन्व्हर्टर वापरा, कोडेक पॅक टाका, फोन बंद करून चालू करा. यातला एखादा लागूही पडतो. पण का लागू पडला ते कळत नाही, म्हणून पुढच्या फाइलला पुन्हा पहिल्यापासून चाचपडणं सुरू होतं. मला इथे तोडग्यांची यादी द्यायची नाही. एकच गोष्ट सावकाश उलगडून सांगायची आहे, कारण ती पटली की बरेचसे तोडगे आपले आपल्याला सुचतात. ती गोष्ट अशी, की आवाज चित्रात नसतो. तो चित्राच्या सोबत असतो.

पडद्यासमोर बसलेल्याला हे खरं वाटत नाही. ओठ हलतात आणि त्याच क्षणी शब्द ऐकू येतो, त्यामुळे शब्द त्या ओठांतूनच आला अशी आपली खात्री असते. ही जोडणी आपलं मन करतं. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली आला तो मूक. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’त १९३२ साली तोच हरिश्चंद्र मराठी बोलला. दरम्यान आवाज फिल्मवर आला होता, पण आला कुठे? चित्रांच्या चौकटींच्या कडेला, एका अरुंद पट्ट्यात. आणि तिथेही त्या त्या चौकटीच्या शेजारी नाही. ३५ मिलिमीटर फिल्मच्या रूढ पद्धतीत चित्राचा आवाज त्या चित्रापासून साधारण २० चौकटी पुढे छापलेला असतो. प्रोजेक्टरच्या झरोक्यासमोर फिल्म सेकंदाला २४ वेळा थांबत, झटक्याझटक्याने सरकते. ती थांबल्याशिवाय चित्र दिसत नाही. आवाज वाचणाऱ्या दिव्यासमोर मात्र ती संथ, अखंड वाहावी लागते. तिथे थांबली तर आवाज फाटतो. दोघांच्या गरजा एकमेकांच्या उलट, म्हणून दोघांच्या जागाही वेगळ्या. थिएटरात फिल्म तुटल्यावर ऑपरेटरने चारसहा चौकटी कापून जोड मारला, की चित्राची उडी आणि आवाजाची उडी निरनिराळ्या क्षणी येत, ती यामुळे.

चित्रीकरणातही तेच. कॅमेरा चित्र घेणार, आवाज नाग्रासारख्या वेगळ्या यंत्राच्या टेपवर जाणार, आणि पुढे दोन्ही जुळवता यावेत म्हणून शॉटच्या सुरुवातीला क्लॅप द्यायचा. फळी मिटलेली दिसते ती चौकट आणि ‘टक्’ ऐकू येतो तो क्षण एकावर एक ठेवायचा. इतकं लांब जायलाही नको. घरच्या व्हीसीआरच्या मागच्या तीन पिना पुष्कळांना आठवत असतील. पिवळीतून चित्र, पांढरीतून डावीकडचा आवाज, लालमधून उजवीकडचा. टीव्हीवर चित्र आलं आणि आवाज आला नाही, तर आपण टीव्ही दुरुस्तीला नेत नव्हतो. पांढरी आणि लाल पिन हलवून पाहत होतो. फाइलींच्या काळात त्या वायरी दिसेनाशा झाल्या, पण त्या आहेत.

फाइलच्या नावाच्या शेवटी एमपीफोर, एव्हीआय, एमओव्ही, एमकेव्ही असं जे लिहिलेलं असतं ते व्हिडिओच्या प्रकाराचं नाव आहे असा आपला समज असतो. ते वेष्टनाचं नाव आहे. तंत्रज्ञ त्याला कंटेनर म्हणतात. ॲपलच्या क्विकटाइमचं एमओव्ही १९९१चं, मायक्रोसॉफ्टचं एव्हीआय १९९२चं. एमपीफोर हे क्विकटाइमच्याच घडणीवरून बेतलेलं आंतरराष्ट्रीय प्रमाण. एमकेव्ही २००२चं. वेष्टनाच्या आत वेगवेगळे प्रवाह असतात, त्यांना स्ट्रीम किंवा ट्रॅक म्हणतात. एक चित्राचा, एक किंवा अनेक आवाजाचे, कधी सबटायटलचे. प्रत्येक प्रवाह आपापल्या कोडेकने, म्हणजे आवळण्या-उलगडण्याच्या पद्धतीने, आवळलेला. चित्र एच.२६४ने, आवाज एएसीने किंवा एसी-थ्रीने, नाहीतर मुळीच न आवळता पीसीएम म्हणून ठेवलेला.

हे प्रवाह एकमेकांना चिकटलेले नाहीत. त्यांचे तुकडेसुद्धा एका मापाचे नाहीत. सेकंदाला २५ चित्रं असतील तर एक चित्र ४० मिलिसेकंदांचं. एसी-थ्रीचा एक तुकडा १५३६ नमुन्यांचा (सॅम्पलांचा), म्हणजे सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने ३२ मिलिसेकंदांचा. एएसीचा १०२४ नमुन्यांचा, २१ मिलिसेकंदांहून किंचित मोठा. यांच्या सीमा क्वचितच एका जागी येतात. तरी ओठ आणि शब्द जुळतात ते प्रत्येक तुकड्यावर मारलेल्या वेळेच्या शिक्क्यामुळे. हँडीकॅमच्या फाइलींत आणि टीव्हीच्या डिजिटल प्रसारणात हा शिक्का सेकंदाच्या ९०,०००व्या भागात मोजतात. प्लेयर चित्राचा शिक्का पाहतो, आवाजाचा शिक्का पाहतो आणि ज्याला त्याला त्याच्या वेळेवर सोडतो. चित्राचं आणि आवाजाचं फाइलीतलं नातं म्हणजे हे सामाईक घड्याळ. याहून जवळचं काही नाही.

म्हणूनच एक गेला तर दुसऱ्याला काही होत नाही. चित्र अडखळत नाही, फाइल उघडायची थांबत नाही, बऱ्याचदा चुकीचा संदेशही येत नाही. आकारावरूनही ओळखता येत नाही. समजा, सेकंदाला १७ मेगाबिट या दराचं एक तासाचं घरगुती चित्रण आहे. नुसतं चित्रच साडेसात गिगाबाइटच्या वर जातं. सोबतचा २५६ किलोबिटचा आवाज, अख्ख्या तासाचा मिळून, ११५ मेगाबाइट. शेकडा दीडच्या आसपास. त्या तासात जे जे कुणी बोललं, गायलं, हसलं, पाया पडताना पुटपुटलं, ते सगळं या दीड टक्क्यात आलं. तेवढं वजा झालं तरी फाइल डोळ्यांना तितकीच भरलेली दिसते.

आता एक उदाहरण जवळून पाहू. २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकने एव्हीसीएचडी ही पद्धत आणली आणि पुढे काही वर्षं बऱ्याच हँडीकॅमांत तीच असे. बारसं, मुंज, साखरपुडा, आजोबांची पंचाहत्तरी, सगळं कार्डावरच्या ‘स्ट्रीम’ नावाच्या फोल्डरात, नुसते क्रमांक घातलेल्या एमटीएस फाइलींत. त्या फाइली वर्षानुवर्षं हार्डडिस्कवर पडून राहतात. मग कुणाला तरी त्या फोनवर पाहाव्याशा वाटतात. एखादा कन्व्हर्टर एमटीएसचं एमपीफोर करून देतो, फोनवर चित्र उत्तम चालतं, आणि आजोबा बोलताना दिसतात पण ऐकू येत नाहीत.

अशा वेळी दुरुस्तीच्या आधी पाहणी करायची. मीडियाइन्फो हा छोटा, मोफत प्रोग्रॅम घ्या, किंवा व्हीएलसीत टूल्सखालची ‘कोडेक इन्फर्मेशन’ ही खिडकी उघडा. जुनी आणि नवी, दोन्ही फाइली एकापाठोपाठ बघा. जुन्या एमटीएसमध्ये व्हिडिओचा रकाना आणि त्याखाली ऑडिओचा रकाना दिसेल. फॉरमॅट एसी-थ्री, चॅनेल दोन, सॅम्पलिंग ४८ किलोहर्ट्झ, बिटरेट २५६. मग नवीकडे या. तिथे ऑडिओचा रकानाच नसेल, तर आवाज वाटेत मागे राहिला. रकाना असेल आणि त्यातही एसी-थ्रीच लिहिलेलं असेल, तर आवाज फाइलीत जसाच्या तसा बसलेला आहे, फोनला तो वाचता येत नाही एवढंच. बाहेरून दोन्ही शांतता सारख्याच वाटतात, पण त्यांचे इलाज अगदी वेगळे आहेत. हे न पाहता कन्व्हर्टरमागून कन्व्हर्टर बदलत बसणं म्हणजे निव्वळ वेळ घालवणं आहे.

ही दुसरी शांतता समजून घ्यायला आपल्याकडे मोडी लिपीचा दाखला आहे. घरच्या जुन्या कागदपत्रांत मोडीतलं पत्र निघालं तर ते कोरं आहे असं आपण म्हणत नाही. अक्षर आहे, मजकूर आहे, भाषाही आपलीच मराठी आहे, वाचणारा हवा. पत्र नव्या पाकिटात घातलं, त्यावर ठसठशीत बाळबोध पत्ता लिहिला, म्हणून आतल्या मोडीचं बाळबोध होत नाही. एमटीएसचं एमपीफोर करणारे पुष्कळ प्रोग्रॅम पाकीट तेवढं बदलतात. फाइलीच्या नावातली शेवटची अक्षरं हाताने बदलणारे तर पाकीटही बदलत नाहीत, फक्त पत्ता खोडून दुसरा लिहितात. यावर दोनच मार्ग. मोडी वाचणारा गाठायचा, नाहीतर पत्राचं लिप्यंतर करून घ्यायचं. आणि लिप्यंतर हाती आलं म्हणून मूळ पत्र कुणी टाकून देत नाही.

वाचणारा म्हणजे व्हीएलसीसारखा प्लेयर. एकोल सेंत्राल पॅरिस या संस्थेतल्या विद्यार्थ्यांच्या १९९६च्या प्रकल्पातून तो उभा राहिला. आवाजाचे बहुतेक कोडेक तो स्वतःच्या पोटात बाळगतो. यंत्रात काय बसवलेलं आहे यावर अवलंबून राहत नाही. म्हणून संशय आलेली कुठलीही फाइल आधी व्हीएलसीत लावून पाहावी. तिथे वाजली, तर आवाज आहे आणि पुढचं काम सोपं आहे.

फोनला का वाचता येत नाही, याचं मोठं कारण परवाना. एसी-थ्री ही डॉल्बीची पद्धत, डीटीएस ही तशीच दुसऱ्या कंपनीची. त्या उलगडणारा भाग यंत्रात घालायचा तर पैसे मोजावे लागत. एसी-थ्रीची पेटंटं २०१७ साली संपली, पण आधी विकल्या गेलेल्या फोनांत त्यामुळे काही नवं उगवलं नाही, आणि नव्यांतही तो भाग घालायचा की नाही हे बनवणाराच ठरवतो. आपल्याकडे एमएक्स प्लेयर वापरणाऱ्यांना याचा चांगलाच अनुभव आला. काल वाजणारे सिनेमे एका अपडेटनंतर मुके झाले, ऑडिओ फॉरमॅट चालत नाही अशा अर्थाची ओळ पडद्यावर येऊ लागली, आणि लोक ‘कस्टम कोडेक’ शोधत हिंडू लागले. फाइल तीच होती, फोनही तोच.

उलट दिशेनेही हे घडतं. एएसी हा एमपीफोरचा नेहमीचा आवाज, तो सगळीकडे चालतो असं आपण धरून चालतो. पण डाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची सशुल्क आवृत्ती लिनक्सवर वापरणाऱ्यांना विचारा. फोनवर टिपलेलं चित्रण आत घेतलं की अनेक वर्षं चित्र येई, एएसीतला आवाज येत नसे. तो आधी पीसीएममध्ये उलगडून एमओव्हीत घालून द्यावा लागे. तेव्हा कोडेक चांगला की वाईट हा प्रश्नच नाही. फाइल शेवटी कुणापुढे वाजणार आहे ते आधी ठरवायचं आणि त्याला जे वाचता येतं ते द्यायचं.

लिप्यंतराकडे येऊ. इथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. आवाजाच्या दुरुस्तीसाठी लोक चित्रही पुन्हा आवळतात. फोनला एच.२६४ चित्र आधीच वाचता येत असतं, त्याला हात लावायचं काही कारण नसतं. ते उलगडून पुन्हा आवळलं की दर वेळी थोडा तपशील झडतो. आधी जातात साडीच्या काठाची वीण, अंधाऱ्या मांडवातले चेहरे, समईच्या आसपासचा मंद उजेड. वेळ जातो तो वेगळाच. खरं तर आवाज आणि चित्र वेगळे आहेत याचा सगळ्यात मोठा फायदा नेमका इथे आहे: एकाला न दुखवता दुसऱ्यावर काम करता येतं. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेला एफएफएमपेग हा प्रोग्रॅम आज असंख्य कन्व्हर्टरांच्या पोटात असतो. त्याला एकाच आज्ञेत दोन सूचना देता येतात. चित्राचा प्रवाह ‘कॉपी’, आवाजाचा प्रवाह ‘एएसी’, हवं तर १९२ किलोबिट. तासाभराचं चित्रण साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत होतं, कारण मेहनत त्या दीड टक्क्यावरच चाललेली असते. आज्ञा टाइप करायची सवय नसेल तर अव्हिडेमक्समध्ये हेच तीन खटक्यांत होतं. व्हिडिओ आउटपुट ‘कॉपी’ ठेवायचं, ऑडिओ आउटपुट ‘एएसी’, आणि खाली ‘एमपीफोर मक्सर’.

हँडब्रेक लोकप्रिय आहे आणि चांगलाही आहे, पण तो चित्र नेहमीच पुन्हा आवळतो हे जाणून मग वापरावा. व्हीएलसीच्या रूपांतराच्या खिडकीत तयार प्रोफाइल येतं ते एच.२६४ आणि एमपीथ्री यांचं. एमपीफोरमध्ये एमपीथ्री आवाज ठेवायला नियमाची आडकाठी नाही, पण काही प्लेयर तिथे गप्प बसतात. प्रोफाइलची दुरुस्ती उघडून ऑडिओ कोडेक एएसी केला की भागतं. ऑनलाइन कन्व्हर्टरांचं नाव मी मुद्दाम घेत नाही. घरातल्या माणसांचे आवाज आणि चेहरे कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचे, आणि तिथे काय निवडलं गेलं हेही धड कळायचं नाही, हे मला पटत नाही.

आता पहिल्या शांततेकडे, जिथे ऑडिओचा रकानाच नाही. कधी नव्या वेष्टनाला तो प्रवाह चालत नसतो. वेबएमला आवाज व्हॉर्बिस किंवा ओपसच लागतो. एएसी तसाच टाकू गेलं तर नीट लिहिलेला प्रोग्रॅम नकार देतो आणि ढिला प्रोग्रॅम आवाज गाळून मोकळा होतो. कधी मागच्या कामासाठी लावलेली ‘आवाज नको’ ही खूण तशीच राहिलेली असते. हे लवकर सापडतं. लवकर सापडत नाही ते निवडीमुळे झालेलं नुकसान. फाइलीत आवाजाचे दोन-तीन प्रवाह असतील आणि आपण काहीच सांगितलं नसेल, तर एफएफएमपेग त्यातला एकच उचलतो. कोणता? बहुधा ज्यात चॅनेल सगळ्यात जास्त तो. समजा, एका एमकेव्हीत हिंदी आवाज सहा चॅनेलचा आहे आणि मराठी दोनचा. यंत्राच्या लेखी सहा मोठे, मराठी मागे राहते. यात कुणाचा आकस नाही, पण मूळ फाइल पुसून टाकली असेल तर नुकसान कायमचं आहे. म्हणून ‘मॅप’ वापरून सगळे प्रवाह न्यायला सांगावं, किंवा हवा त्याचा क्रमांक द्यावा. आवाजांचे आपापसातले क्रमांक शून्यापासून सुरू होतात, तेव्हा दुसरा आवाज हवा असेल तर एक लिहायचं. हँडब्रेकमध्ये हेच काम ऑडिओच्या टॅबमध्ये ट्रॅक वाढवून होतं.

याच्या पुढचा प्रकार अधिक चकवणारा आहे. रकाना आहे, कोडेक वाचता येतो, सनई ऐकू येते, पाऊस ऐकू येतो, फक्त माणसं बोलत नाहीत. सिनेमाच्या फाइव्ह-पॉइंट-वन मांडणीत सहा चॅनेल असतात. डावा, उजवा, मधला, खर्जाचा आणि मागचे दोन. संवाद बहुतांशी मधल्या चॅनेलमध्ये ठेवतात, म्हणजे ते पडद्याच्या मधोमध उमटतात. दोन स्पीकरांसाठी आवाज करताना तो मधला चॅनेल डाव्या-उजव्यात साधारण ०.७ पटीने मिसळायचा असतो. ते मिसळणं राहिलं आणि पहिले दोन चॅनेल तेवढे उचलले गेले, की पात्रांचे ओठ हलतात आणि मागची वाद्यं तेवढी वाजतात. मूळ फाइलीत सहाही चॅनेल शाबूत असतात. आवाज पुन्हा करताना ‘स्टीरिओ डाउनमिक्स’ निवडलं की संवाद परत येतात.

आणखी एक प्रकार आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो कीर्तनांच्या, व्याख्यानांच्या आणि मैफलींच्या चित्रणात घडतो. कॅमेरा लांब असतो, म्हणून साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर थेट कॅमेऱ्यात घेतात. मिक्सरमधून आवाज बहुधा ‘बॅलन्स्ड’ निघतो. म्हणजे एकाच आवाजाच्या दोन प्रती दोन तारांवरून जातात, एक सुलट आणि एक उलट. वाटेत विजेची घरघर शिरली तर ती दोन्ही तारांवर सारखीच बसते. पलीकडे उलट प्रत पुन्हा सुलट करून दोन्ही एकत्र केल्या, की आवाज दुप्पट होतो आणि घरघर आपोआप वजा होते. फार सुंदर युक्ती आहे. पण कॅमेऱ्याच्या माइकच्या भोकाला हे ठाऊक नसतं, त्याला स्टीरिओ हवं असतं. चुकीची वायर लावली की सुलट प्रत डावा चॅनेल होते आणि उलट प्रत उजवा. हेडफोन लावून ऐकणाऱ्याला प्रत्येक कानात एकेक प्रत मिळते, आवाज येतो, फार तर थोडा पसरट वाटतो. तेच चित्रण एकच स्पीकर असलेल्या फोनवर लावलं की फोन दोन्ही चॅनेलची बेरीज करतो. डावीकडे अधिक हजार, उजवीकडे उणे हजार. बेरीज शून्य. कीर्तनकार तन्मय होऊन बोलत असतात आणि फोनमधून चकार शब्द येत नाही.

हा आवाज ऑडॅसिटीत उघडून पाहावा. वरची आणि खालची लाट एकमेकींची उलट प्रतिबिंबं असतात. वरची जिथे चढते तिथे खालची उतरते. थोडं मोठं करून पाहिलं की लगेच दिसतं. इलाज अगदी साधा. स्टीरिओ ट्रॅक फोडून एक चॅनेल टाकून द्यायचा, किंवा एकाला ‘इन्व्हर्ट’ करायचं. पण यात एक मोठा धोका आहे. फाइल लहान व्हावी म्हणून कुणी रूपांतर करताना ‘मोनो’ निवडलं, तर ती बेरीज कन्व्हर्टरच करतो आणि शून्य कायमचं लिहून ठेवतो. नव्या फाइलीत ऑडिओचा रकाना असतो, कोडेक बरोबर असतो, वेळही पूर्ण असते, आणि आत काहीच नसतं. त्यातून आवाज परत काढायला कोणतीही युक्ती नाही. मूळ फाइलच लागते.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर हे निरूपण अपुरं राहील. मिनी-डीव्ही टेपवर प्रत्येक चौकटीच्या माहितीतच त्या वेळचा आवाजही गुंफलेला असतो. टेप फायरवायरने संगणकात उतरवताना एव्हीआय दोन प्रकारांनी बनत असे. पहिल्या प्रकारात ती गुंफण तशीच ठेवलेली, एकच प्रवाह. दुसऱ्यात आवाज वेगळ्या प्रवाहातही ठेवलेला. आवाजाचा वेगळा प्रवाह शोधणाऱ्या प्रोग्रॅमला पहिल्या प्रकारात तो सापडत नाही, म्हणून तो फाइल मुकी समजतो. अशी डीव्ही फाइल हाती आली तर ती दुसऱ्या प्रकारात करून घ्यावी. आवाजाला धक्का लागत नाही. एफएफएमपेगला पहिला प्रकारही कळतो.

आवाज परत आल्यावर तो ओठांशी जुळतो का तेही पाहावं, कारण घड्याळ रूपांतरात सरकू शकतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीप्रमाणे आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी माणसाला कळतं. उशिरा आलेला मात्र १२५पर्यंत खपून जातो. उशिराची आपल्याला निसर्गतः सवय आहे. मैदानापलीकडे फटाका आधी दिसतो, मग ऐकू येतो. तपासताना चित्रणाचा शेवट जरूर पाहावा. सुरुवात जुळते आणि तासाच्या शेवटी आवाज पुढे पळालेला असतो, असं फोनवरच्या चित्रणात पुष्कळदा होतं, कारण फोन प्रकाशाप्रमाणे चौकटींचा वेग बदलत राहतो आणि कन्व्हर्टर तो एकसारखा आहे असं धरून चालतो.

न वाचता येणाऱ्या आवाजाचं आणखी एक उदाहरण जुन्या साध्या मोबाइलवरच्या थ्रीजीपी फाइलींचं. त्या अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यातला आवाज बहुधा एएमआरमध्ये असतो, फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला. सेकंदाला फक्त ८,००० नमुने, दर जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. आजच्या फोनांवर तो कधी वाजतो, कधी नाही. तो एएसीत करून घ्यावा, पण त्यात नवी झळाळी येईल अशी अपेक्षा ठेवू नये. ४ किलोहर्ट्झच्या वरचं त्यात मुळात उतरलेलंच नाही. तरीही त्यात एखाद्या गेलेल्या माणसाने मारलेली हाक असेल, तर ती फाइल मूळ रूपातही दोन ठिकाणी ठेवण्याच्या लायकीची आहे.

आणि शेवटी जिथे आवाज फाइलीत आलाच नव्हता ती जागा, म्हणजे व्हीएचएस कॅसेट. ती संगणकात उतरवताना पिवळ्या पिनेतलं चित्र कॅप्चरच्या डबीतून येतं, पण सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ कुठून घ्यायचा आणि ऑडिओ कुठून घ्यायचा हे दोन वेगळ्या ओळींत निवडावं लागतं. दुसऱ्या ओळीत लॅपटॉपचाच माइक राहून गेला तर लग्नाच्या चित्रावर खोलीतल्या पंख्याचा आवाज नोंदला जातो. काहीच निवडलेलं नसेल तर शांतता. हे नंतर कोणत्याही रूपांतराने दुरुस्त होत नाही, टेप पुन्हा चालवावी लागते. टेपवर साधा आवाज एका काठाजवळच्या अरुंद पट्टीत असतो, त्यामुळे काठ दुमडलेली किंवा चुरगळलेली कॅसेट आधी आवाजच हरवते आणि चित्र बरंच टिकून राहतं. तिच्या फेऱ्या जितक्या कमी तितकं बरं. व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी मानल्या गेलेल्या जपानच्या फुनाईने २०१६च्या जुलैत उत्पादन थांबवलं. आज चालू स्थितीत असलेलं यंत्र मिळालं तर ते उसनं आणलेलं असण्याचीच शक्यता जास्त. म्हणून पहिली पाच मिनिटं उतरवायची आणि थांबायचं. फाइल मीडियाइन्फोत उघडून ऑडिओचा रकाना पाहायचा, मग हेडफोनवर ऐकायची, मग फोनच्या स्पीकरवर, आणि तिन्ही ठिकाणी आवाज आहे असं दिसल्यावरच कॅसेट मागे फिरवून पूर्ण उतरवायला लावायची.